‘जीव महत्त्वाचा की पैसे?’ असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा

पुण्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. आठ वर्षांपूर्वी रस्त्यावरून उचलून आणलेली देशी कुत्री त्यांच्या घरी आहे. तिची नसबंदी केलेली नव्हती. गेल्या महिन्यात ती खाईनाशी झाली, सारखं पाणी पिऊ लागली आणि मग उलट्या सुरू झाल्या. शनिवारी रात्री तिला चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीत पू झाल्याचं दिसलं आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. तोंडी सांगितलं होतं, ‘पंचवीस-तीसपर्यंत जाईल.’ तिसऱ्या दिवशी हातात बिल पडलं ते 46 हजारांचं, आणि त्यावर ‘सर्जरी व ॲडमिशन’ एवढीच ओळ. यजमानांनी एवढं कसं झालं म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला जीव महत्त्वाचा की पैसे?” दोघं काही न बोलता क्रेडिट कार्डवर पैसे भरून घरी आले.

कुत्री आता बरी आहे. पण साताऱ्याच्या नणंदेनं सांगितलं की तिच्या कुत्रीचं ‘हेच’ ऑपरेशन सहा हजारांत झालं. फलटणजवळ राहणारे वडील म्हणतात, आमच्या गाईला डॉक्टर दोनशे रुपयांत बघून जातात. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे ‘एक स्टार द्या’ म्हणून मागे लागलेत. त्यात त्याच डॉक्टरांनी कुत्रीचे दात भूल देऊन साफ करून घ्यायला सांगितलेत. ताई विचारतात: आम्ही फसवले गेलो का? रिव्ह्यू लिहू का? आणि आता कुठल्या डॉक्टरवर भरवसा ठेवू?

ताई,

तुमची कुत्री घरी आहे आणि जेवते आहे, हे वाचून आधी बरं वाटलं. गर्भपिशवीत पू होणं, म्हणजे डॉक्टर ज्याला पायोमेट्रा म्हणतात ते, एक-दोन दिवसांच्या उशिरानंही जिवावर बेतू शकतं. तुम्ही तिला त्याच रात्री नेलंत. पुढे जे काही लिहिणार आहे ते वाचताना, हा निर्णय बरोबर होता हे विसरू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नणंदेच्या कुत्रीचं आणि तुमच्या कुत्रीचं ऑपरेशन एकच. नाव जवळपास एक आहे, काढलेला अवयवही एकच. पण सहा हजारांत झालं ते बहुधा ठरवून केलेली नसबंदी असणार. धडधाकट, उपाशीपोटी आणलेली कुत्री, सकाळची वेळ, पेन्सिलीएवढी बारीक गर्भपिशवी, संध्याकाळी घरी.

तुमच्याकडे त्या रात्री काय होतं ते पाहा. कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत हा आजार सहसा डोकं वर काढतो. पिशवी पुवानं फुगून आतड्यासारखी जाड होते. ती पोटातून बाहेर घेताना फुटली, तर पू सगळ्या पोटात पसरतो, म्हणून सर्जन ती दोन्ही हातांवर तोलत हळूहळू उचलतो. विष रक्तात गेलेलं असतं, मूत्रपिंडांवर ताण आलेला असतो. ती सारखं पाणी पीत होती ते त्यामुळेच. अशा जनावराला भूल देणं धोक्याचं, म्हणून आधी रक्त तपासायचं, सलाईन लावून रक्तदाब सावरायचा, श्वासनळीत नळी घालायची. एक माणूस फक्त श्वास आणि नाडी बघत उभा राहणार. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस सलाईन, अँटिबायोटिक, वेदनाशामक, रात्रीचा माणूस. सहा हजार आणि 46 हजार यांतला फरक म्हणजे सगळी लूट, असं म्हणता येणार नाही. त्यातला मोठा भाग या रात्रीचा आहे.

मोठा भाग म्हणाले, सगळा म्हणाले नाही. सगळा आहे की नाही हे तुम्ही किंवा मी सांगू शकत नाही, कारण बिलावर एकच ओळ आहे. तुमची खरी तक्रार तिथे आहे.

आता तुमच्या वडिलांच्या गाईकडे येते, कारण त्यांचं बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दोनशे रुपयांत डॉक्टर येतात, कारण त्या डॉक्टरांचा पगार बहुतेक वेळा सरकारी तिजोरीतून होतो. पशुवैद्यकीय दवाखान्याची इमारत सरकारची, लस सरकारची, 1962 या क्रमांकावर फोन केला तर येणारी फिरत्या पथकाची गाडीही सरकारी योजनेतली. राज्याला दूध हवं आहे, शेतकऱ्याचं जनावर जगायला हवं आहे, म्हणून हा खर्च सगळ्यांच्या करातून होतो आणि तो व्हायलाच हवा. शहरातल्या खासगी दवाखान्यात भाडं, वीज, सोनोग्राफीचं मशीन, रात्रपाळीची माणसं हे सगळं टेबलावर झोपलेल्या जनावराच्या बिलातूनच निघतं. आणि आपण आपल्या स्वतःच्या ऑपरेशनचं पूर्ण बिल तरी किती वेळा बघतो? मेडिक्लेम असला की आपण डिस्चार्ज कार्ड बघतो, आकडा कंपनी बघते. कुत्र्याच्या दवाखान्यात मधे कोणी नसतं, त्यामुळे उपचाराची खरी किंमत पहिल्यांदाच उघडी दिसते आणि धक्का बसतो.

पण वडिलांच्या बोलण्यातून मला दोनशे रुपयांपेक्षा दुसरंच काही घ्यावंसं वाटतं. गोठ्यात डॉक्टर आले की पैशाचं बोलणं उघड होतं. गाय कितव्या वेताची आहे, दूध किती देते, औषधाला किती लागतील, वाचण्याची आशा किती, हे सगळं तिथेच, गाईच्या पाठीवर हात ठेवून बोललं जातं. शेतकरी म्हणतो, “डॉक्टर, एवढं नाही जमायचं, यात काय करता येईल?” डॉक्टर त्यातून मार्ग काढतात. त्या शेतकऱ्याचं गाईवर प्रेम नाही असं कोणी म्हणत नाही. पोळ्याला त्याच गोठ्यात पुरणपोळी जाते.

शहरात आपण जनावराला लेकरू म्हटलं आणि मग पैशाचं तोंड उघडायला लाजू लागलो. डॉक्टरही त्या लाजेचा आडोसा घेतात. काही मुद्दाम, बरेचसे नकळत. म्हणून ‘जीव महत्त्वाचा की पैसे’ या वाक्यानं तुमचे यजमान गप्प झाले.

त्या वाक्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ते चूक होतं. उपचार शंभर टक्के बरोबर असले तरी ते वाक्य चूकच. बिल भरणाऱ्या माणसाला हिशेब मागण्याचा हक्क आहे आणि हिशेब मागितला म्हणून तो निर्दय ठरत नाही. सांगितलेल्या आकड्याच्या दीडपट बिल होणार असेल तर तो आकडा ओलांडण्याआधी एक फोन यायला हवा होता: ‘क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा, उतरलेलं नाही, अजून एक दिवस सलाईनवर ठेवावं लागेल, खर्च इतका वाढेल, चालेल का?’ तुम्ही नक्की हो म्हटलं असतंत. मग 46 हजार भरतानाही फसवलं गेल्याची भावना आली नसती.

भरवसा तुटतो तो इथे. ब्रिटनमध्ये हाच प्रश्न इतका पेटला की तिथल्या स्पर्धा नियामकानं 2023 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांची चौकशी हाती घेतली. 2013 मध्ये तिथले जेमतेम 10 टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे होते, ते प्रमाण जवळजवळ 60 टक्क्यांवर गेलं होतं आणि कित्येक ग्राहकांना मालक बदलल्याचं ठाऊकच नव्हतं. ऑक्टोबर 2025 मधल्या प्राथमिक निर्णयात नियामकानं सुचवलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत: दरपत्रक जाहीर करा, मालक कोण ते सांगा, 500 पौंडांच्या वरच्या उपचाराचा अंदाज आधी लेखी द्या. आपल्याकडे बहुतेक दवाखाने अजून एकेका डॉक्टरांचेच आहेत, कंपन्यांची साखळी त्या मानानं कमी आहे. पण लेखी अंदाजाची गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

थोडं डॉक्टरांच्या बाजूनंही लिहिते, कारण तुमच्या ग्रुपवर ती बाजू कोणी मांडत नसणार. नीटमधून प्रवेश, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं शिक्षण, आणि त्यानंतरही ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून हिणवलं जाणं या माणसांच्या वाट्याला येतं. पेशंट बोलत नाही, कुठे दुखतं सांगत नाही, वर चावतो. म्हणूनच जिथे माणसांचा डॉक्टर दोन प्रश्नांत निदानाजवळ पोचतो, तिथे यांना रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी करावी लागते. लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून फुकट औषध मागतात. कोणी आजारी जनावर दाखल करून फोन उचलणंच बंद करतो, मग ते जनावर दवाखान्यातच राहतं. रात्री दोन वाजता दार उघडणारा डॉक्टर या शहरात सहज मिळत नाही, तुम्हाला मिळाला. यामुळे ते वाक्य माफ होत नाही. पण एक स्टार देण्याआधी हे माहीत असावं.

रिव्ह्यूबद्दल माझं मत: आत्ता लिहू नका. आधी दवाखान्यात जा, शक्यतो दुपारच्या शांत वेळी, आणि दोन गोष्टी मागा. एक, बिलाची फोड. तपासण्या, भूल, ऑपरेशन, औषधं, दिवसाचं ॲडमिशन, रात्रीचा जादा आकार, सगळं वेगवेगळं. दोन, सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीची इमेज आणि डिस्चार्ज पेपर. बोलताना असं म्हणता येईल: “डॉक्टर, तुम्ही तिला वाचवलंत, त्याबद्दल आभार आहेत. पण तीसपर्यंत सांगितलेलं बिल 46 वर कसं गेलं ते मला समजून घ्यायचं आहे, आणि त्या दिवशी माझ्या नवऱ्याला जे उत्तर मिळालं ते आम्हाला लागलं.” आवाज चढवायची गरज नाही, पण शेवटचं वाक्य गाळूही नका. चांगल्या डॉक्टरला ते ऐकायला मिळणं गरजेचं आहे, कारण रात्रपाळीच्या शेवटी आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षातही नसेल.

फोड हातात आली की दोन गोष्टी तपासा. जनावरांवरच्या उपचाराची दवाखान्याची सेवा जीएसटीतून मुक्त आहे. तपासणी किंवा ऑपरेशनच्या फीवर जीएसटी लावला असेल तर कारण विचारा. (दुकानातून घेतलेलं खाणं, शाम्पू, ग्रूमिंग यांवर तो लागतो, त्याची गल्लत करू नका.) आणि न झालेली तपासणी बिलात आहे का ते रिपोर्टशी ताडून पाहा.

त्यांनी फोड दिली, नीट बोलले, तर रिव्ह्यूमध्ये तेही लिहा: ऑपरेशन उत्तम, खर्चाची कल्पना वेळेवर दिली नाही, मागितल्यावर हिशेब दिला. पुढच्या माणसाला याचा उपयोग होतो. ‘लुटारू’ या शब्दाचा होत नाही. त्यांनी फोड द्यायला साफ नकार दिला, तर आधी लेखी मागणी करा, ईमेलनं. त्यापुढे दोन दारं आहेत. वर्तणुकीबद्दल किंवा उपचारातल्या हलगर्जीबद्दल नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली डॉक्टरांची नोंदणी असते आणि तीच त्यांची शिस्त बघणारी जागा आहे. पैशाबद्दल जिल्हा ग्राहक आयोग; फी देऊन घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा. पण तुमच्या पत्रावरून तरी मला हे इतकं ताणण्यासारखं दिसत नाही.

आता दातांचं. इथे मला तुमची थोडी काळजी वाटते, कारण ‘पुन्हा पैसे काढायचा डाव’ म्हणून तुम्ही ते टाळाल अशी भीती आहे. आठ वर्षांच्या कुत्रीच्या दातांवर कीटण चढलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. हिरड्यांखाली ते गेलं की दुखतं, दात हलतात, आणि कुत्री दुखतं म्हणून सांगत नाही, एका बाजूनं चावते. भूल न देता ग्रूमरकडे करून घेतलेली सफाई स्वस्त पडते, पण ती वरवरची. हिरडीखालचं तसंच राहतं. तेव्हा सल्ला खोटा दिसत नाही. डॉक्टर तेच हवेत असं मात्र मुळीच नाही. रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा आणि दुसरं मत घ्या. कोणत्याही शहाण्या डॉक्टरला त्याचं वाईट वाटत नाही. तिथे विचारायचं: आत्ताच करायला हवं की दोन महिने थांबलं तर चालेल? मोठं ऑपरेशन नुकतंच झालंय, भूल द्यायच्या आधी रक्त पुन्हा तपासणार का? भूल चालू असताना तिच्याकडे कोण बघणार? दात काढावे लागले तर खर्च कितीनं वाढेल, आणि वाढणार असेल तर मला फोन कराल का? हे प्रश्न विचारताना कपाळाला आठी पडणाऱ्या डॉक्टरकडे थांबू नका.

ज्यांच्यावर अजून अशी रात्र आलेली नाही, त्या वाचकांसाठीही काही लिहिते. घरात मादी कुत्री असेल आणि पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या. ताईंवर आलेला प्रसंग त्यानं टळतो, आणि खर्च नणंदेनं सांगितला तसाच राहतो. आपले नेहमीचे डॉक्टर रात्री नसतात तेव्हा कुठे जायचं, हे जनावर बरं असतानाच त्यांना विचारून ठेवा. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे, शेजारीच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळचं महाविद्यालय आहे, तसंच नागपूर, परभणी, उदगीरचंही. विद्यार्थी शिकतात म्हणून वेळ जास्त जातो, पण ठरवून करायच्या ऑपरेशनला या जागा खिशाला झेपतात आणि तिथे अनुभवी प्राध्यापक उभे असतात. कुत्र्याचा विमा आपल्याकडे मिळतो, मात्र उपचाराचा खर्च देणारा आहे की गाईच्या कानात बिल्ला मारून काढतात त्या विम्यासारखा बहुतांशी मृत्यूनंतरच उपयोगी पडणारा, हे वाचून घ्या. ते जमत नसेल तर दर महिन्याला थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकत जा.

आणि फीचा राग आला म्हणून घरच्या गोळ्यांकडे वळू नका. पॅरासिटामॉलची आपली साधी गोळी मांजराला मारू शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतं. प्राण्यांच्या दुकानातला मुलगा ‘मी देतो इंजेक्शन’ म्हणाला तरी नको. ज्याच्या भिंतीवर नोंदणी क्रमांक आहे त्याच्याकडेच जा, आणि टेबलावर जनावर ठेवायच्या आधी विचारा: साधारण किती येईल, जास्तीत जास्त किती, आणि माझ्याकडे एवढेच असतील तर यात काय करता येईल. वडिलांनी गोठ्यात हे कितीदा तरी विचारलं असेल, ताई. या रविवारी फोन कराल तेव्हा ते कसं विचारतात ते त्यांच्याकडून ऐकून घ्या, आणि दवाखान्यात बिलाची फोड मागायला जाताना यजमानांनाही बरोबर न्या. प्रश्न त्यांनी विचारला होता, उत्तरही त्यांनाच मिळायला हवं.